लिव्हर सावरलं, दाढेचं काय?

वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"डॉक्टर, माझं वय 38, वजन 43 किलो. इचलकरंजीजवळ राहते, घरीच ब्लाउज शिवते. नवरात्रात माझे नऊ दिवसांचे उपवास असतात. यंदा त्यातच उजवीकडची खालची दाढ ठणकायला लागली. दसरा-दिवाळीच्या ऑर्डरी होत्या, मशीन सोडून दवाखान्यात जाणं जमेना. घरात साडेसहाशेच्या गोळ्या होत्या, त्या दिवसातून पाच वेळा घेतल्या. तेवढ्यानं भागेना म्हणून मेडिकलमधून दाढदुखीची वेगळी गोळी आणली, ती दिवसाला तीन. मध्येच सर्दी झाली, तिच्याही तीन. पाच दिवस असं चाललं. सहाव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, लघवी गडद पिवळी झाली, उभं राहवेना. दवाखान्यात लिव्हरच्या रक्ततपासणीत एसजीपीटी 3,400 निघालं. सलाईनमधून औषध दिलं, सहा दिवसांनी घरी सोडलं. आता पाच आठवडे झालेत, एसजीपीटी 58 आहे. सासूबाई म्हणतात, हळद, तेल, फोडणी जन्मभर बंद. शेजारच्या गावातून काविळीची पुडी आणलीय, ती रोज घेते, शिवाय लिव्हर टॉनिक. माझं लिव्हर कायमचं गेलं का? पुढे कधी दुखलं तर काय घ्यायचं? उपवास करायचे की नाहीत? आणि एक मनातून जात नाही. दवाखान्यात घरच्यांना बाहेर पाठवून मला विचारलं, 'तुम्ही मुद्दाम घेतल्या का?' हे बाहेर कळलं. आता नातेवाईक माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात."

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते मिळाल्याशिवाय पुढचं काही तुमच्या डोक्यात शिरणार नाही. तुमचं लिव्हर गेलेलं नाही. पॅरासिटामॉल म्हणजे तुमच्या त्या साडेसहाशे मिलिग्रॅमच्या गोळीतलं औषध. त्यानं होणारी इजा झपाट्यानं येते आणि तिचा निकालही लवकर लागतो. पहिल्या आठवड्यात रुग्ण खूप गंभीर होतो, नाहीतर सावरायला लागतो. जो सावरतो, त्याचं लिव्हर बहुधा पूर्ण भरून येतं, मागे व्रणही राहत नाही. दारूनं किंवा जुन्या हिपॅटायटिस बीनं वर्षानुवर्षं जळून जे लिव्हर कडक होतं, त्याची गोष्ट वेगळी. लिव्हर दान करणाऱ्या माणसाचं अर्ध्याहून जास्त लिव्हर कधीकधी काढून घेतात आणि उरलेलं काही महिन्यांत जवळपास पूर्वीएवढं वाढतं. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्या मोठ्या अवयवाला हे जमत नाही. तुमची तब्येत फार मोठ्या वळणावरून परत आली आहे हे खरं, पण परत आली आहे.

तुमच्या डिस्चार्ज कार्डावर एसजीपीटीच्या आसपास 'पीटी-आयएनआर' असा एक आकडा असेल. तो शोधा. एसजीपीटी किती पेशी फुटल्या ते सांगतं, आयएनआर उरलेलं लिव्हर काम करतंय का ते सांगतं, कारण रक्त गोठवणारे घटक लिव्हरच बनवतं. हजारांत गेलेलं एसजीपीटी ऐकून घरातले घाबरतात, आम्ही डॉक्टर त्या दिवसांत आयएनआरकडे डोळे लावून बसतो. घरी सोडताना तो 1 च्या आसपास आला असेल, तर लिव्हर तेव्हाच कामाला लागलं होतं.

आता हे झालं कसं, ते नीट समजून घ्या. तुम्ही लिहिलेल्या गोळ्यांची मी बेरीज केली. साडेसहाशेच्या पाच म्हणजे 3,250 मिलिग्रॅम. दाढदुखीच्या ज्या गोळीचं नाव तुम्ही कळवलंत, तिच्यात अॅसिक्लोफिनॅक या वेदनाशामकाबरोबर 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, तीन गोळ्यांचं झालं 975. सर्दीच्या गोळीत 500, तीनचं 1,500. एकूण 5,725. धडधाकट, भरल्या अंगाच्या माणसाला दिवसात 4,000 ही शेवटची मर्यादा सांगतात. 50 किलोच्या आत वजन असेल तर ती खाली येते, किलोमागे साधारण 60 मिलिग्रॅम धरतात. तुमच्या 43 किलोला ते 2,600 च्या आतच बसतं. म्हणजे दुपटीहून जास्त, आणि तेही सलग पाच दिवस.

तुम्हाला मात्र वाटत होतं की आपण तीन वेगवेगळी औषधं घेतोय. तसं वाटणं साहजिक आहे. मागे एक आजोबा माझ्याकडे आले होते, त्यांनी कापडी पिशवीतून गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या. एक पांढरी लांबट, एक केशरी, एक पिवळसर. गुडघ्याची, डोक्याची आणि तापाची. तिन्हींत पॅरासिटामॉल होतं. ते आजोबांना कळायला मार्गच नव्हता, कारण मेडिकलवाल्यानं चार-चार गोळ्या कात्रीनं कापून दिल्या होत्या आणि औषधाचं नाव छापलेला भाग दुकानातच उरला होता. आजोबांच्या हाती आली ती नुसती चंदेरी चौकोनं, त्यावर एक अर्धवट तारीख. तुमच्याकडेही दाढेच्या गोळ्या अशाच सुट्या आल्या असतील. यापुढे सुटी गोळी घ्यायची वेळ आली तर दुकानदाराला आख्खं पाकीट दाखवायला सांगा, मोबाइलमध्ये फोटो काढून घ्या. तो तुमचा हक्क आहे. कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेनबरोबर पॅरासिटामॉल आहे, सॅरिडॉनमध्ये आहे, झेरोडॉल-पीमधलं ते 'पी' म्हणजे पॅरासिटामॉलच. क्रोसिन आणि डोलो म्हणजे तर निव्वळ तेच. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत ते असतंच. इंग्लंडमध्ये तर 1998 पासून साध्या दुकानात एका पाकिटात 16 हून जास्त पॅरासिटामॉल विकता येत नाहीत. आपल्याकडे साडेसहाशेचं पाकीट घरोघरी चहा-साखरेच्या डब्याशेजारी असतं.

पण नुसत्या बेरजेनं सगळं कळत नाही, उपवासाचाही यात वाटा आहे. तुम्ही शिवणकाम करता, म्हणून तुमच्याच मशीनवरून सांगते. पॅरासिटामॉलचा मोठा भाग लिव्हर सरळ मार्गानं बाहेर टाकतं. थोडासा भाग मात्र वाटेत विषारी होतो. त्याला लगेच धरून निकामी करणारा एक पदार्थ लिव्हरमध्ये साठवलेला असतो, त्याचं नाव ग्लुटाथायोन. हा साठा म्हणजे तुमच्या मशीनच्या खालच्या बॉबिनचा दोरा. वरचा रीळ डोळ्यासमोर फिरत असतो, बॉबिन खाली केसमध्ये असते. ती संपली तरी सुई खालीवर होत राहते, कापड पुढे सरकतं, टीप पडतेय असं वाटतं. कापड उचललं की कळतं, एकही टाका धरलेला नाही. तुमच्या लिव्हरमधली ही बॉबिन दर दिवशी दुपटीनं उलगडत होती आणि ती भरायची जेवणातल्या प्रथिनांनी. तुम्ही तर चहा, केळं आणि एकवेळच्या भगरीवर होतात. पुढचं विष मोकाट सुटलं आणि पेशींना चिकटलं. सलाईनमधून जे औषध दिलं, ते एन-अॅसिटिलसिस्टीन. ते ही बॉबिन पुन्हा भरतं. एडिंबरामध्ये 1970 च्या दशकात हा इलाज रुळला आणि त्यानं किती माणसं वाचली याची गणती नाही. गोळ्या जास्त झाल्यापासून आठ तासांत मिळालं तर ते सगळ्यात चांगलं काम करतं, पण उशिरा दिलं तरी उपयोग होतो, हे तुमच्याच उदाहरणात दिसलं.

इथे तुमच्याबरोबर हे वाचणाऱ्यांसाठी एक सांगते. पॅरासिटामॉल जास्त झाल्यावर पहिला दिवस बऱ्याचदा शांत जातो. थोडी मळमळ, नाहीतर काहीच नाही. म्हणून 'बघू उद्या' करू नका. मोजताना गोळ्या जास्त झाल्याचं लक्षात आलं की बरं वाटत असलं तरी त्याच वेळी मोठ्या दवाखान्यात जा, 108 ला फोन करा, घरातली सगळी पाकिटं, रिकामी सुद्धा, पिशवीत घालून बरोबर न्या. डोळे पिवळे होण्याची वाट बघायची नाही. रुग्ण गुंगीत बरळायला लागला किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर एक मिनिटही घालवू नका. रोज दारू घेणाऱ्यांना, टीबीच्या किंवा फिटच्या गोळ्या चालू असलेल्यांना, आजारपणानं खंगलेल्यांना कमी गोळ्यांतही हे होऊ शकतं.

आता तुमच्या 58 कडे येते. तुमच्या पत्रातली मला खटकलेली गोष्ट हीच. एसजीपीटी रक्तातून दर दोन दिवसांनी साधारण निम्मं होतं. 3,400 चं 1,700, मग 850, असं करत दोन आठवड्यांच्या आसपास ते साठाच्या खाली आणि तीन आठवड्यांत चाळिशीच्या आत यायला हवं होतं. तुमचे पाच आठवडे झालेत. 58 हा आकडा घाबरण्यासारखा अजिबात नाही, पण तो बहुधा पॅरासिटामॉलचा उरलेला हिशोब नाही. दुसरं काहीतरी लिव्हरला जरासं चिडवतंय. माझा पहिला संशय त्या पुडीवर आहे.

सासूबाईंनी ती मायेनं आणली आहे, हे मला पत्रातूनही कळतं. काविळीची माळ, नाकात देवडांगरीचे थेंब, चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी दाखवणं, आपल्याकडे हे सगळं पिढ्यांपिढ्या चाललंय. माळ गळ्यात घातली तर निदान अपाय तरी होत नाही. पोटात जाणाऱ्या पुडीचं तसं नाही. तिच्यात काय आहे हे देणाराही सांगत नाही आणि जे काही आहे ते पचवायचं काम पुन्हा त्याच दमलेल्या लिव्हरवर पडतं. अगदी ओळखीच्या वनस्पतींचंही असं होतं. करोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांना लिव्हरची इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्या निष्कर्षाला हरकत घेतली, पण माझ्या मते ज्याचं लिव्हर नुकतंच आजारातून उठलंय, त्यानं हा वाद आपल्या अंगावर तपासून पाहू नये. पुडी आजपासून बंद करा. टॉनिकची बाटली डॉक्टरांना दाखवा. पॅरासिटामॉलनंतर लिव्हर भरून यायला टॉनिक लागत नाही आणि त्या पैशात महिनाभराची अंडी येतात. चार आठवड्यांनी एसजीपीटी पुन्हा करा. तरीही वरच राहिलं तर सोनोग्राफी, हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी, साखर एवढं बघावं लागेल. अंगानं बारीक असलेल्यांनाही फॅटी लिव्हर असू शकतं.

खाण्याचं ऐका. हळद, तेल, फोडणी जन्मभर बंद करायचं काही कारण नाही. भाजीच्या फोडणीतल्या हळदीनं लिव्हरला काही होत नाही. बाजारात मिऱ्याचा अर्क घातलेल्या हळदीच्या कॅप्सूल मिळतात, त्या मात्र नकोत, त्यांनी लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. तुम्हाला गरज आहे ती प्रथिनांची, आणि तीच काविळीच्या पथ्यात सगळ्यात आधी बंद होतात. अळणी भात आणि ग्लुकोजचं पाणी यांवर माणूस महिनोन्‌महिने अशक्त राहतो. वरण घट्ट करा, दोन्ही वेळेला. मटकीची उसळ, दही, ताक, शेंगदाण्याची चटणी, चालत असतील तर अंडी आणि मासे. उसाचा रस औषध म्हणून पिऊ नका. त्यात साखरेपलीकडे लिव्हरसाठी काही नाही आणि रस्त्यावरच्या बर्फातून हिपॅटायटिस ए आणि ई हे खऱ्या काविळीचे विषाणू पोटात जाऊ शकतात. आपल्या देशात लिव्हर अचानक निकामी होण्यामागे हेच विषाणू पुष्कळदा असतात.

उपवासाचं विचारलंत. संकष्टीला चंद्रोदयानंतर पोटभर जेवता, तर रिपोर्ट नॉर्मल झाल्यावर ती करायला हरकत नाही. नऊ दिवसांच्या उपवासांचा निर्णय पुढच्या वर्षी तेव्हाचं वजन आणि रिपोर्ट बघून डॉक्टरांशी बोलून घ्या. उपवासाच्या काळात दुखण्याची गोळी स्वतःच्या मनानं घ्यायची नाही, एवढं मात्र कायमचं लक्षात ठेवा. दुखणं एवढं असेल की गोळी लागतेच आहे, तर त्या दिवशी जेवायला हवं.

आता मनातून न जाणारी गोष्ट. ताई, तो प्रश्न मीही विचारते. घरच्यांना बाहेर पाठवून, दार लावून, हळू आवाजात, प्रत्येक रुग्णाला. कोणाच्या चेहऱ्यावरून ते ओळखता येत नाही आणि एखाद्याच्या पोटात ती गोष्ट खरंच असेल, तर घरच्यांसमोर तो कधीच बोलणार नाही. विचारणाऱ्यानं तुमच्यावर आळ घेतला नाही, तुमची काळजी घेतली. पण ते खोलीबाहेर जायला नको होतं. तिथे दवाखान्यातल्या कुणाची तरी चूक झाली आणि तिचा त्रास तुम्ही भोगताय, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्या मिस्टरांना मी लिहिलेली ती बेरीज दाखवा. तीन गोळ्यांची तीन नावं आणि आत एकच औषध, हे त्यांना आकड्यांत दिसू दे आणि नातेवाइकांशी बोलायचं काम त्यांनी करावं. ते तुमचं एकटीचं काम नाही. आणि हे वाचणाऱ्यांपैकी ज्या कुणाचं त्या प्रश्नाला उत्तर 'हो' असं असेल, त्यांनी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या नंबरवर फोन करावा. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं.

पुढे दुखलं तर काय घ्यायचं? तुम्हाला नवल वाटेल, पण रिपोर्ट नॉर्मल झाल्यावर, डॉक्टरांना विचारून, योग्य प्रमाणात घेतलेलं पॅरासिटामॉलच तुम्हाला बहुधा सगळ्यात कमी त्रासाचं ठरेल. एका वेळी 500, दोन गोळ्यांत किमान सहा तास, दिवसात तीनच, आणि तीन दिवसांत दुखणं थांबलं नाही तर चौथ्या दिवशी गोळी न वाढवता डॉक्टर. त्याच्या भीतीनं दुसऱ्या वेदनाशामकांकडे वळू नका. त्यांनी पोटात अल्सर होतो, किडनीवर ताण येतो, डायक्लोफिनॅक आणि निमेसुलाइड लिव्हरलाही सोडत नाहीत. मशीनवर वाकून पाठ भरून येते, असंही तुम्ही एका ओळीत लिहिलंय. त्यासाठी आधी मशीन थोडं उंच करून बघा, टीप मारताना मान खाली न जाता कापड डोळ्यांच्या जवळ यायला हवं. दर अर्ध्या तासानं उठून उभ्या राहा. रात्री गरम पाण्याची पिशवी.

आणि ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एसजीपीटी आहे, पथ्य आहे, उपवास आहे, नातेवाईक आहेत. दाढेचं पुढे काय झालं, ते कुठेच नाही. ती अजून तिथेच आहे ना? दवाखान्यात सहा दिवस वेगळ्याच गडबडीत गेले, मग दाढ थोडी शांत झाली असेल आणि मागे पडली असेल. शांत झालेली किडकी दाढ बरी झालेली नसते. आतली नस मेली की ठणका जातो, मुळाशी पू साठत राहतो आणि कधीतरी मध्यरात्री गाल सुजतो. त्या रात्री हात पुन्हा गोळ्यांच्या डब्याकडे जाईल, याची मला खरी भीती आहे. लिव्हरसाठी तुम्हाला आता फारसं काही करायचं नाही, ते त्याचं काम करतंय. करायचं आहे ते या दाढेचं. रूट कॅनॉल असेल किंवा काढायची असेल, पैशांची अडचण असेल तर सरकारी रुग्णालयातल्या दंतविभागात जा, पण याच आठवड्यात जा.

दाताच्या डॉक्टरांकडे जाताना दवाखान्याची फाइल न्या, खुर्चीत बसायच्या आधी त्यांच्या हातात द्या आणि दोन गोष्टी स्वतः तोंडानं सांगा. एक, पॅरासिटामॉलनं लिव्हरला इजा झाली होती, तेव्हा वेदनाशामक लिहिताना ते लक्षात घ्या. दोन, अँटिबायोटिक लागलं तर अॅमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड एकत्र असलेली गोळी टाळता येईल का, ते बघा. दातांसाठी ती सर्रास देतात, आणि एरवी चांगली असली तरी काही जणांच्या लिव्हरला त्रास देणाऱ्या औषधांत तिचं नाव वर असतं. दाढ काढायची ठरली तर आयएनआरचा ताजा रिपोर्ट मागतील, तोही करून ठेवा. आणि सकाळची वेळ घ्या, घरून पोटभर वरण-भात जेवून निघा. भूल उतरेपर्यंत नंतर दोन-तीन तास काही खाता येणार नाही.